सामाईचं पान

घाटातल्या लेण्यांत भिक्खू राहत होते आणि संध्याकाळी तिथे दिवे लागत होते, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली तिला.

घाटाखाली कातळोली नावाचं गाव होतं. तिथे सामा नावाची बाई राहायची. तिचा नवरा पुसणक बैलांच्या पाठीवर कापड लादून बंदरावर जायचा आणि येताना मीठ आणायचा. एका वर्षी बैल परत आले, सोबती परत आले, पुसणक आला नाही. एक सोबती म्हणाला, तो गलबतावर चढला. दुसरा म्हणाला, बंदरावर तापानं गेला. तिसऱ्यानं तर त्याला परक्या बाजारात हसताना पाहिलं होतं. सामानं कुणाचं खरं मानावं?

त्या काळी पावसाळा सरला की आश्विनातल्या पुनवेला सगळा गाव लेण्यांवर चढायचा. भिक्खूंना जेवण द्यायचं आणि गेलेल्या माणसांची नावं घेत पाणी सोडायचं. ज्याचं नाव घेतलं जाईल त्याची भूक भागते, असं म्हणतात. ज्याचं राहिलं, तो वर्षभर उंबऱ्याशी उपाशी उभा.

वर्षांमागून वर्षं गेली. गाव म्हणू लागला, “सामे, आता तरी त्याचं नाव घे. किती दिवस उपाशी ठेवशील?”

सासू मात्र चुलीपुढून उसळायची. “माझा लेक जिता आहे! जित्या माणसाच्या नावानं पाणी सोडलंस, तर पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस.”

“नाही सोडत, आत्याबाई,” सामा म्हणायची. पण मनात घोकायची, जिवंत असतील तर नाव घेऊन आपणच त्यांना मारू. नसतील तर न घेऊन उपाशी मारू. तिला काही सुचेनासं झालं.

अशाच एका पुनवेला ती भात, कुळथाचं कळण आणि पाण्याचा लोटा घेऊन लेण्यांवर चढली. सगळ्यांची नावं घेऊन झाली. म्हाताऱ्या भिक्खूनं विचारलं, “बाई, तुझं कोण?”

“भंते, आहे की नाही तेच कळत नाही.”

असं भिक्खूला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, “मलाही कळत नाही. पण पाणी आणलंयस, तर सोड.”

सामानं लोटा कलता केला. नाव ओठांवर आलं, तिनं ते गिळलं आणि म्हणाली, “जिथे असतील तिथे.”

मग ते पाणी थांबेचना, असं म्हणतात. एवढासा लोटा, पण धार पायऱ्यांवरून उतरली, घाटाच्या वाटेला लागली. सामा भाताचं भांडं उचलून धारेमागून धावली. वळणावर एक माणूस त्या पाण्यात पाय धूत बसला होता. तो पुसणक होता. गेला त्या दिवशी होता तेवढाच तरणा, आणि अंगरख्यावर मिठाचे पांढरे डाग.

सामानं पळसाचं पान मांडलं, भात वाढला. तो मान खाली घालून जेवू लागला. ती हळूच म्हणाली, “तुम्ही जिवंत आहात का हो?”

त्याचा हात थांबला. “सामे, मीच तुला विचारायला आलो. तिकडे कुणी सांगेना.”

त्याची सावली पडते का ते तिनं पाहावं म्हटलं, तर सूर्य डोक्यावर. तेवढ्यात सासू धापा टाकत आली. तिनं लेकाचा गाल चाचपला आणि ओरडली, “बघ, कसा गरम आहे!” सामानं त्याचा हात धरला. तो विहिरीच्या पाण्यासारखा गार होता.

जेवण झालं. पुसणक उठला. “जातो,” म्हणाला.

“असं नका म्हणू. येतो म्हणा.”

“काय म्हणू, ते कळत नाही गं,” एवढं बोलून तो पाण्याच्या कडेकडेनं खाली उतरला. पाणी जिथे जिरलं, तिथून पुढे तो कुणाला दिसला नाही.

सासू मरेपर्यंत सांगत राहिली, लेक भेटून गेला. गाव म्हणत राहिला, ते भूत होतं. एका हातात बांगड्या, एक हात मोकळा, अशी सामा जन्मभर वावरली. पण दर पुनवेला त्या वळणावर तिनं पान वाढलं. हळूहळू तिच्याशेजारी दुसऱ्या बाया येऊन बसू लागल्या. कुणाचा भाऊ रानात हरवलेला, कुणाचा बाप लढाईवर गेलेला.

आता लेणी रिकामी आहेत. तरी कातळोलीत आश्विनातल्या पुनवेला गेलेल्यांची नावं घेऊन झाली की वळणावर एक पान मांडतात. त्याला सामाईचं पान म्हणतात. ते वाढताना कुणाचंही नाव घेत नाहीत. ज्यांचं माणूस बोटीवर गेलं, शहरात गेलं आणि त्याची खबरच आली नाही, ते तिथे येतात.

एखादी नवी बाई हातात भात घेऊन घुटमळते. विचारते, “मी कुणाला वाढू? असलेल्याला की गेलेल्याला?”

तेव्हा गावातली जुनी माणसं तिला एवढंच सांगतात, “वाढ गं, भात निवतोय.”