तिघांचा किडा, दोघांचा कोळी

"कोळी हा किडा नव्हे, हे माझ्या नातवंडांना उद्या दुपारपर्यंत समजलंच पाहिजे!" धुंडिराज महाराज गरजले.

गरजायला कारणही होतं. कोठारातले किडे कोळी खातात, म्हणून त्या राज्यात कोळी मारायला बंदी होती. आणि महाराजांचीच तीन नातवंडं "किडा! किडा!" ओरडत दिसेल तो कोळी चपलेनं चिरडत सुटली होती. धान्यात किडे वळवळू लागले. दोन पंतोजी हात टेकून गावी गेले. आता पाळी आली मुलांच्या दाईवर, येसूवर.

"पोथी दाखवायची नाही, फाडतात. चित्र नाही, खातात. जिवंत कोळी तर मुळीच नाही! जमलं नाही, तर उद्यापासून तू गोठ्यात शेण काढायला!"

"जी सरकार," येसू कशीबशी म्हणाली. मुलांना सोडून जायच्या कल्पनेनंच तिला रडू आलं. शिवाय कोळ्याला पाय किती, हे तिला तरी कुठे ठाऊक होतं! पण तिच्या घरी जाळ्यांना तोटा नव्हता. झाडलोटीचा आळस आज पहिल्यांदाच कामी आला. संध्याकाळभर ती जाळ्यापुढे मान वाकडी करून बसली. एकदा कोळ्याचे पाय नि अंगाचे भाग मोजी, एकदा जाळ्यात अडकलेल्या मुंगळ्याचे. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमलं.

दुसऱ्या दिवशी महाराजांसमोर तिनं तिघांना एकमेकांची कंबर धरायला लावून एकामागे एक उभं केलं.

"पुढचा डोकं, मधला छाती, मागं बकुळा पोट. पाय मोजा!"

"सहा!"

"पुढच्यानं हात वर करायचे, त्या मिशा. झाला किडा!"

"आणि कोळी?" महाराजांनी दरडावलं.

"त्याचे भाग दोनच, सरकार. डोकं-छाती एकच, मागं पोट." येसू हातापायांवर ओणवी झाली. "डोकं मीच होते, आत जागा रिकामीच हाय! पन पोट कोन? ही पोरं वाळकुडी. कोळ्याचं कसं गोल गरगरीत..."

तिघांनी एकदम आजोबांकडे पाहिलं. महाराजांनी आपल्या पोटाकडे पाहिलं. मग पागोटं उतरवून ते मुकाट्यानं येसूच्या मागे ओणवे झाले.

"मोजा!"

"आठ!"

"मग काय बकुळाबाई, चिरडतेस का चपलेनं?" येसूनं विचारलं.

"छे!" बकुळा ओरडली. "आजोबा, तुम्हाला मारायला बंदी आहे!"

महाराज इतके हसले, की त्यांनी तिथेच बसकण मारली. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी येसूला दिलं.

"शेन, सरकार?"

"शेण गेलं खड्ड्यात! तू मुलांपाशीच राहा. आणि चार भोई बोलवा रे, हे पोट उचलायला!"