आक्कांचा डबा

“…पण गोष्ट माझी आहे, आक्का! मग शेवट काय पोरांना विचारून करायचा?”

शार्दूल मठाच्या पायरीवर उभ्याउभ्याच विचारत होता. मुलांसाठी लिहिलेल्या त्याच्या कादंबरीमालेचे पाच भाग गाजले होते. मंत्रांवर उडणारी यानं, तारे ओलांडत आईला शोधणारी तेजा... पोरं त्या मालेच्या प्रेमात होती. आणि खरं सांगायचं तर, शार्दूलही स्वतःच्या प्रेमात होता.

आक्का त्या नदीकाठच्या मठात राहत. लहानपणी त्याला गोष्ट सांगायला त्यांनीच शिकवलं होतं. आता त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

“या सहाव्या, शेवटच्या भागात केलंस काय?”

“तेजाचा ग्रह जाळून टाकला. सगळे संपले. वाचणारा हादरलाच पाहिजे! उद्या प्रकाशकाकडे देतोय.”

“आणि तिची आई?”

“ते तसंच सोडलं. सगळीच उत्तरं कशाला द्यायची?”

आक्कांनी आणखी एक शेंग फोडली.

त्याने पिशवीतून स्टीलचा डबा काढून पुढे ठेवला. मागच्या खेपेला आक्कांनी त्यातून मेतकूट दिलं होतं.

त्यांनी झाकण उघडलं. आत पाहिलं. मग डबा उलटा करून हळूच हलवला...

काहीच पडलं नाही.

“स्वच्छ घासून आणलाय,” तो म्हणाला आणि त्याचे कान तापले. कुणाचा डबा रिकामा परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे त्याच्या घरात शेंबडं पोरही जाणत होतं.

“तेजाच्या आईचं कुठून सुचलं रे तुला?” आक्कांनी सहज विचारलं.

“पहिल्या भागात ती नव्हतीच. मग एका शाळेत गेलो होतो. एक मुलगी उठून म्हणाली, ‘तेजाची आई कुठंय?’ त्यातूनच तर पुढचे चारही भाग...”

तो थांबला.

त्याची नजर त्या रिकाम्या डब्याकडे गेली.

शार्दूलने डबा उचलला, पिशवीत टाकला आणि निघाला. नमस्कार करायचंही विसरला.

तो परत आला तो संक्रांतीला. डब्यात गूळपोळ्या होत्या, स्वतः लाटलेल्या, कडेने करपलेल्या.

“शेवट बदलला, आक्का. तेजाला आई भेटते. त्या मुलीला शोधून काढलं, पुस्तक तिलाच अर्पण केलंय. तिच्या हातात दिलं तर ती रडायलाच लागली. मग मीही.” त्याचे डोळे पुन्हा भरून आले. “केवढं दिलं हो या पोरांनी मला! आणि मी समजत होतो, देणारा मीच.”

आक्कांनी पोळीचा तुकडा तोंडात टाकला.

“करपलीय. पण छान झालीय.”

मग त्यांनी पोळ्या ताटात काढल्या, डबा पुसला, त्यात ओंजळभर शेंगदाणे घातले आणि झाकण लावून तो शार्दूलपुढे सरकवला.

शार्दूल हसला. “मला कशाला? डबा तुमचाच ना, आक्का?”

आक्कांनी डब्याकडे पाहिलं...

“होता खरा. आता कुणाचा, ते आठवत नाही.”