धनेशाचे बंद दार

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की त्या राज्याचे नाव आज कुणालाही सांगता येणार नाही. राज्याच्या अगदी टोकाला, जिथे रस्ता संपून नुसती पायवाट उरते, तिथे एक दाट जंगल होते आणि जंगलाच्या तोंडाशी एक लहान गाव होते.

पूर्वी हे गाव झाडे तोडून आणि शिकार करून जगे. मग दूरच्या शहरांतली माणसे नुसते जंगल पाहायला येऊ लागली. गावाला आधी हसू आले. झाडात काय पाहायचे? पण पाहुणे येत राहिले. ते गावात राहत, नाचणीची भाकरी खात, पाखरे पाहत आणि जाताना तांदूळ, मीठ, कापड देऊन जात. हळूहळू शिकारीची जाळी माळ्यावर गेली आणि तिथेच कुजून गेली.

हे राजाच्या कानावर गेले. त्याला जहाजांसाठी लाकूड हवे होते, आणि इतके उंच, सरळ वृक्ष राज्यात दुसरीकडे कुठे नव्हते. तरीही त्याने निरोप पाठवला, "पाहुणे खूश होऊन परततात तोवर या जंगलाला कुऱ्हाड लागणार नाही."

निरोप चांगलाच होता. पण त्या दिवसापासून गाव पाहुण्यांच्या चेहऱ्याकडे बघत जगू लागले. पाहुणा हसला की गाव हसे. पाहुण्याच्या कपाळाला आठी पडली की भाकरी थापणाऱ्या बाईचा हात थांबे.

गावाचे प्रमुख वयस्कर होते. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांना आपल्या गावाच्या एका रीतीचा फार अभिमान होता. "आमच्या दारात आलेला माणूस विन्मुख जात नाही," ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. "ताक मागा, ताक मिळेल. पाणी मागा, पाण्याबरोबर गूळ मिळेल."

पाहुण्यांना जंगलात नेणारा एक वाटाड्या होता. त्याचे डोळे चांगले होते आणि जीभ त्याहून चांगली होती. कुणी विचारले, "अमुक पक्षी दिसेल का?" की तो म्हणे, "दिसेल म्हणजे काय! दाखवतो." हा शब्द त्याच्या तोंडात बसला होता.

एका वर्षी त्याला बेहड्याच्या उंच झाडात धनेशाचे घरटे सापडले.

तुम्ही धनेश पाहिला नसेल तर सांगते. हा मोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखलाने, विष्ठेने दार आतून लिंपून टाकते. चोच बाहेर निघेल एवढीच एक फट ठेवते. मग ती आत बसून आपली पिसे गाळते, त्यामुळे तिला उडता येत नाही. पिल्ले मोठी होईपर्यंत तिचे आणि पिल्लांचे पोट एकट्या नराच्या चोचीवर असते. नर उंबर, वडाची फळे आणतो आणि फटीतून एकेक भरवतो. तो आला नाही, तर आतल्यांना दुसरे कुणी नाही.

वाटाड्याने पहिल्यांदा दोनच पाहुण्यांना तिथे नेले. लांबच्या झुडपात बसवले. नर आला, समोरच्या किंजळाच्या झाडाच्या फांदीवर बसला, चहूकडे पाहिले आणि मगच ढोलीपाशी गेला. फटीतून चोच बाहेर आली. नराने तिच्यात फळ ठेवले. ते पाहून एका पाहुणीच्या डोळ्यांत पाणी आले.

ही गोष्ट शहराशहरांत पसरली. पाहुणे वाढले. कुणाला झुडपातून नीट दिसेना, म्हणून वाटाड्याने त्यांना जवळ बसवले. कुणी म्हणाले, "ती फांदी मध्ये येते हो." वाटाड्याने कोयता घेतला आणि किंजळाची ती फांदी तोडली.

पाहुणे खूश झाले. नर मात्र आला तेव्हा त्याला बसायला जागाच राहिली नव्हती. तो घिरट्या घालत राहिला.

"आज एवढंच?" मादीने आतून विचारले.

"खाली माणसं आहेत."

"रोजच असतात. खातात का तुला?"

"माहीत नाही," नर म्हणाला. "म्हणून तर भीती वाटते. आधी फांदीवरून बघता तरी यायचं."

"पोरं चोची उघडून बसलीत रे. मी त्यांना काय सांगू?"

खाली कुणीतरी शिंकले आणि नर उडून गेला.

त्याच आठवड्यात गावात निरोप आला की राणीसाहेब धनेशाचे घरटे पाहायला येत आहेत.

आबांनी अंगणे सारवून घेतली, पायवाटेवरचे दगड उचलून घेतले. वाटाड्याला बोलावून म्हणाले, "नीट दाखव हो. राणीसाहेबांनी जाऊन राजाला चांगलं सांगितलं, तर हे जंगल कायमचं वाचेल. नाही सांगितलं, तर काय होईल ते तुला माहीत आहे."

"दाखवतो की," वाटाड्या म्हणाला. पण तो तसाच बेहड्याखाली जाऊन आला, आणि त्याचा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

ढोलीखाली नेहमी उंबराच्या बियांचा आणि ओल्या विष्ठेचा सडा असे. त्यावर मुंग्यांची रांग असे. आता सडा वाळून भुकटी झाला होता. मुंग्याही निघून गेल्या होत्या. त्याने खोडाला कान लावला. पूर्वी पिल्लांचा कलकलाट ऐकू येई. आता आवाज होता, पण बारीक, तुटक.

घरी आल्यावर बायकोने त्याच्यापुढे ताट ठेवले. त्याने घास मोडला आणि तसाच धरून ठेवला.

"राणी तुम्हाला भेटायला येणार म्हणून जेवण जाईना का?" बायकोने चिडवले.

"अगं, नर येत नाहीये. आत उपास पडतोय त्यांना."

बायकोचे हसू गेले. "मग आबांना सांगा."

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, राणीसाहेब येऊन जाऊ देत, मग बघू."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

वाटाड्याने घास ताटात परत ठेवला. तो काहीच म्हणाला नव्हता.

राणी आली. ती गर्विष्ठ नव्हती की वाईट नव्हती. तिला पाखरे मनापासून आवडत. तिने पायांतले पैंजण आधीच काढून ठेवले होते. पण तिच्याबरोबर पालखीचे भोई होते, छत्री धरणारा होता, पंखा घालणाऱ्या दासी होत्या, आणि मागे सगळे गाव होते, कारण राणीचा चेहरा कसा होतो हे प्रत्येकाला स्वतः पाहायचे होते. बेहड्यासमोर मचाण बांधले होते. राणी वर बसली आणि सगळे श्वास रोखून थांबले.

बऱ्याच वेळाने दूरच्या शेंड्यावर नर दिसला. त्याचा गळा फळांनी फुगला होता. त्याने मान तिरकी करून खाली पाहिले. छत्री पाहिली, पंखे पाहिले, इतकी तोंडे पाहिली. एकदा ओरडला आणि परत फिरला.

"येईल," आबा हात जोडून म्हणाले. "येईल, राणीसाहेब."

तो पुन्हा आला. पुन्हा फिरला.

तेवढ्यात ढोलीच्या फटीतून मादीची चोच बाहेर आली. ती उघडली, मिटली. पुन्हा उघडली, मिटली.

"अय्या, बोलतेय आपल्याशी!" राणी हळूच म्हणाली. दासी कौतुकाने हसल्या. राणी हसली म्हणून गाव हसले.

वाटाड्या हसला नाही. ती चोच का उघडते आहे हे त्याला कळत होते. त्याने आबांकडे पाहिले. आबांनी डोळ्यांनीच दटावले, गप्प राहा.

मग आतून ठक् ठक् आवाज येऊ लागला. लिंपलेल्या भिंतीचा एक ढलपा निघाला आणि खाली पडला. मग दुसरा.

"भिंत फोडतेय! बाहेर येतेय!" राणी उठून उभी राहिली. "काय नशीब आपलं! हे तर कुणीच पाहिलं नसेल."

"आपल्यासाठीच, राणीसाहेब," आबा आनंदाने म्हणाले. जंगल वाचले, असेच त्यांना वाटत होते.

वाटाड्याला मात्र पुढचे सगळे दिसत होते. ती बाहेर आली तर तिच्या पंखांत पिसे नाहीत. ती सरळ खाली पडेल. मागे पिल्ले उरतील, आणि दार उघडे असेल. सापाला वाट विचारावी लागणार नाही. आणि तो बोलला, तर राणी रागावून जाईल, आणि मग हा बेहडा, तो किंजळ, सगळेच जहाजाच्या फळ्या होतील. बोलले तरी जंगल जाणार आणि गप्प राहिले तरी जंगलातले काहीतरी जाणार. तिसरा ढलपा पडला.

"राणीसाहेब, उठा," तो म्हणाला.

आवाज इतका लहान निघाला की कुणाला कळले नाही. त्याने पुन्हा म्हटले, "राणीसाहेब, आपण सगळे उठू. इथून निघून जाऊ. आत्ता."

पंखे थांबले.

"अरे, वेड लागलं का तुला?" आबा दातओठ खात म्हणाले. "पाहुण्याला उठवतोस? या गावातून आजवर कुणी विन्मुख गेलं नाही!"

"रोज जातोय, आबा," वाटाड्या म्हणाला. आता त्याला आवाज सापडला होता. "तो बघा शेंड्यावर. रोज तोंडात घास घेऊन येतो आणि स्वतःच्या दारातून विन्मुख जातो. त्याला आपणच पाठवतो. फांदी मी तोडली. आत त्याची बायकोपोरं उपाशी आहेत, म्हणून ती भिंत फोडतेय. आपल्यासाठी नाही."

राणीने ढोलीकडे पाहिले. चोच अजून उघडत होती, मिटत होती. राणीच्या चेहऱ्यावरचे हसू कुठे ठेवावे हे तिला कळेना.

"आम्ही गेलो तर तो येईल?" तिने विचारले.

कितीतरी वर्षांत पहिल्यांदा वाटाड्याने "दाखवतो" म्हटले नाही. "माहीत नाही," तो म्हणाला. "आपल्याला ते बघायला थांबता येणार नाही."

राणी मचाणावरून उतरली. एक शब्दही न बोलता पालखीत बसली. पडदा ओढला गेला. पालखी गावात थांबली नाही. जेवणासाठी मांडून ठेवलेली पाने तशीच राहिली.

आता खरी काळजी सुरू झाली. राणी रागावली होती की नव्हती, हे कुणालाच कळले नव्हते. आबा वाटाड्याशी बोलेनासे झाले. विहिरीवर बायका त्याच्या बायकोला म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला पाखराची दया आली. आमच्या पोरांची कधी येणार?" तिने घागर भरली आणि मान खाली घालून घरी आली. "कुऱ्हाडवाले आले तर आधी आपल्या दारात येतील," ती एवढेच म्हणाली.

आणि बेहड्यावर काय झाले तेही कुणाला कळत नव्हते. नर आला की नाही? मादीने भिंत पुरी फोडली की थांबली? जाऊन पाहिले असते तर कळले असते. पण जाऊन पाहणे हीच तर चूक होती. वाटाड्या रोज बेहड्याच्या वाटेवरच्या ओढ्यापर्यंत जाई, ओढ्याच्या अलीकडे उभा राही आणि परत येई. त्याचे पाय पुढे ओढत आणि तो त्यांना मागे ओढी.

शेवटी राजाचा माणूस आला. सगळे गाव चावडीसमोर गोळा झाले. त्याच्या घोड्याला कुऱ्हाडी बांधल्या आहेत का, हे आधी सगळ्यांनी पाहिले. नव्हत्या.

तो म्हणाला, "राजाने राणीसाहेबांना विचारलं, पक्षी पाहिलात का? त्या म्हणाल्या, नाही. मग राजाने विचारलं, तिथे पक्षी आहेत तरी का? त्या म्हणाल्या, आहेत, पण मी बघत बसले तर राहणार नाहीत. जंगल तसंच ठेवा. आणि घरट्यांच्या दिवसांत ओढ्यापलीकडे कुणी पाऊल टाकू नये. मीसुद्धा नाही. राजाने ते मान्य केलं आहे."

आबा मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग उठून त्यांनी वाटाड्याच्या खांद्यावर हात ठेवला.

घरट्यांचा हंगाम संपल्यावर वाटाड्या बेहड्यापाशी गेला. ढोली उघडी होती, रिकामी होती. खाली उंबराच्या ताज्या बिया होत्या. म्हणजे नर आला होता. पण त्या बियांजवळ एका पिल्लाची नाजूक हाडेही होती. फांदी तुटल्यापासून जो उपास पडला, तो त्या एकाला सोसला नव्हता. वाटाड्याने तिथली माती उकरली आणि हाडे पुरली. तेवढ्यात डोक्यावरून पंखांचा मोठा सोसाट्याचा आवाज गेला. नर, मादी आणि त्यांच्यामागून अडखळत उडणारे एक पिल्लू.

धनेश वर्षानुवर्षे एकाच ढोलीत परत येतात. हे जोडपे त्या बेहड्याकडे पुन्हा फिरकले नाही.

पाहुणे अजूनही येतात. वाटाड्या त्यांना ओढ्याच्या अलीकडे बसवतो. कधी पंखांचा आवाज ऐकू येतो, कधी काहीच नाही. काही पाहुणे कुरकुरतात. एकाने त्याला विचारले, "मग आता त्यांचं घरटं कुठल्या झाडावर आहे?"

"मला माहीत नाही," वाटाड्या म्हणाला. "मी शोधलं नाही."

तात्पर्य: ज्याला जपायचे असेल, त्याच्यापासून लांब उभे राहायला शिकावे.