भिवाच्या ट्रॉलीतलं लग्न

एका गावात एक भोळा पिकअपवाला होता. नाव भिवा. त्याची पिकअप त्याच्याहून वयानं मोठी, म्हणून तो तिच्याशी जरा अदबीनंच वागायचा. तिच्यामागं हुकाला एक ट्रॉली जोडलेली असायची. भिवाच्या डोक्यात फार काही मावायचं नाही, पण जे मावायचं ते घट्ट बसायचं.

खिंडीपलीकडच्या गावातून सगुणाचं स्थळ सांगून आलं. भिवाला सगुणा मनापासून आवडली. तिलाही तो आवडला. "पोहे घ्या" म्हटल्यावर त्यानं सगळा ट्रेच मांडीवर घेतला होता, आणि त्यानंतर तिचं हसू थांबेना.

सगुणाचे वडील लिंबाजी मात्र सावध माणूस. ते म्हणाले, "लग्नाचं सामान, मानसं, समदं तूच वहायचं. आन् शेवटी माझी लेक सुखरूप तुझ्या दारात उतरली पाहिजे. न्हाई उतरली, तर मी तुझा सासरा न्हाई."

"चालंल," भिवा म्हणाला.

भिवाच्या आईचा, ठकूबाईचा, उभा जन्म बैलगाडी हाकण्यात गेला होता. ओझं कसं वाहावं हे तिला विचारावं. आणि भिवा तर तिचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

पहिली खेप तांदळाच्या पोत्यांची. भिवानं सगळी पोती ट्रॉलीच्या पार शेपटाला रचली, उतरवायला सोपी म्हणून. पहिल्याच खड्ड्यात ट्रॉली मागं कलली, हूक वर उचलला गेला आणि पिकअपची मागची चाकं हवेत फिरू लागली. भिवा गाडी चालवतच राहिला. बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं, की शेजारची बाभळ काही मागं पडत नाही. मग तो उतरला.

आई म्हणाली, "आरं, ट्रॉली उलाळ झाली. मागं जड झालं की आसंच व्हतं. जड आसंल ते म्होरं ठेवावं."

"बरं आये," भिवा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आत्याला न्यायचं होतं. लग्नात मान आत्याचा मोठा, आणि वजनही आत्याचंच मोठं. जड ते पुढं, असं म्हणत भिवानं तिला पिकअपच्या बॉनेटवर बसवलं. आता त्याला समोरचं काही दिसेना. वाटभर तो विचारत राहिला, "आत्या, वळण डावीकडं हाय का उजवीकडं?" आत्या डोळे मिटून कुलदैवताचा धावा करत होती. शेवटी गाडी उकिरड्यात शिरली आणि थांबली.

आई म्हणाली, "मानसाला आसं ठेवत्यात व्हय? ऐसपैस जागा द्यावी. हातपाय मोकळं राहू द्यावं. वारं लागू द्यावं."

"बरं आये."

पुढची खेप हंड्या-घागरींची. भिवानं एकेक घागर ऐसपैस ठेवली. वारं लागावं म्हणून ट्रॉलीचं मागचं फाळकंही काढून टाकलं. खिंड ओलांडली, उतार लागला, वळणावर ट्रॉली हिसकली आणि सगळी भांडी रस्त्याला लागली. तो दणदणाट ऐकून खालच्या गावाला वाटलं, वऱ्हाड वाजतगाजत आलं. लोक हार घेऊन वेशीवर धावले. आधी घागरी आल्या, मग हंडे आले, आणि सगळ्यांच्या मागून भिवा आला. हार आणलेच होते, म्हणून लोकांनी त्यातला एक घागरीला घातला.

आईनं कपाळाला हात लावला. "मोकळं सोडायचं न्हाई, लेका. दोरानं करकचून बांधायचं. तसूभर हललं न्हाई पाहिजे."

"बरं आये."

हळदीच्या दिवशी वाजंत्री न्यायचे होते. भिवानं सनईवाल्याचे हात सनईसकट आवळले. ढोलवाल्याला ढोलालाच बांधलं. खिंडीच्या चढाला म्हातारी पिकअप धापा टाकू लागली, बॉनेटमधून वाफ निघाली. वाजंत्री म्हणाले, "आमाला सोड, आमी ढकलतो."

"हलायचं न्हाई," भिवा म्हणाला.

गाडी बंद पडली. मग ती सगळ्यांना घेऊन मागं मागं घरंगळत गेली आणि करवंदीच्या जाळीत जाऊन बसली. हळद मुकाट्यानं लागली.

आई म्हणाली, "गाडी म्हातारी हाय, लेका. चढ आला की ओझं खाली उतरवावं. आन् चढावर जे हुबं करशील त्येला मागनं दगड लावावा, म्हंजे घरंगळत न्हाई."

"बरं आये." भिवानं हे रात्रभर घोकून पाठ केलं.

लग्न थाटात झालं. सगुणाला न्यायची वेळ आली. भिवानं जड कपाट ट्रॉलीत पुढं ठेवलं. पलंग, भांडी, रुखवत, सगळं दोरानं करकचून बांधलं. सगुणाला आपल्या शेजारी ऐसपैस बसवलं. कुठं म्हणून चुकलं नाही. लिंबाजींचे डोळे भरून आले. पोरगा शहाणा झाला, असं ते चारचौघांत म्हणालेसुद्धा.

खिंडीचा चढ आला. पिकअप धापा टाकू लागली. भिवानं मागं पाहिलं. कपाट बांधलेलं, पलंग बांधलेला. सुटी अशी एकटी सगुणाच.

"उतरतीस का? गाडी म्हातारी हाय," तो म्हणाला.

सगुणा उतरली. भिवा तिच्या मागं वाकून जरा वेळ काहीतरी खटपट करत राहिला. नव्या नवरीनं नवऱ्याला काय विचारायचं? ती पदराआड तोंड लपवून उभी राहिली. मग भिवा गाडीत बसला आणि निघाला. हलकी झालेली पिकअप सरसर चढून गेली.

सगुणाला हाक मारायची होती. पण नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कसं घ्यायचं? तिनं घाईघाईनं जुळवलं, "खिंडीच्या वाटेला करवंदीची जाळी, भिवरावांचं नाव घेते लग्नाच्या वेळी." उखाणा छान जमला. ऐकायला तिथं कुणी नव्हतं.

इकडे दारात आई भाकरतुकडा घेऊन उभी. कपाट उतरलं, पलंग उतरला, कशाला ओरखडासुद्धा नाही. भिवाची छाती फुगली होती.

"आरं, सून कुठं हाय?"

"खिंडीत. चढाला ओझं उतरवावं, तूच म्हनलीस."

आईच्या हातातला भाकरतुकडा गळून पडला. "नव्या नवरीला तशीच चढावर सोडून आलास?"

भिवाला फार वाईट वाटलं. सख्ख्या आईनं आपल्याला इतकं मूर्ख समजावं?

"तशीच कशी सोडीन, आये?" तो म्हणाला. "दोन्ही टाचांमागं एकेक दगड लावूनच आलोय. घरंगळायची न्हाई."