बरण्या माळावर निघाल्या

शके १८१९, मार्गशीर्ष वद्य पंचमी. थंडी कडाक्याची. वडगिरीत तीन दिवस घराघरांत उंदीर मरून पडत होते. प्लेगच तो. गावचा दवंडीवाला रायाप्पा याने रोज सकाळ-संध्याकाळ डफ वाजवून दवंडी पिटली, "गाव सोडा, माळावर झोपड्या घालून राहा." एक घर हललं नाही.

राजेसाहेबांनी त्याला बोलावलं. त्याची बायको म्हाळसाक्काही बरोबर गेली. वाड्याची कोठी तीच सांभाळत असे.

"उद्या दिवस मावळायच्या आत गाव रिकामं पाहिजे," राजेसाहेब म्हणाले. "शिपाई नाही, चाबूक नाही. जमलं नाही तर डफ ठेव आणि चालता हो."

 रायाप्पाचं पोट त्या डफावर होतं.

"आणि जमलं तर, सरकार?" म्हाळसाक्काने विचारलं.

"मागशील ते."

"सरकार माळावर कधी येणार?"

"मी? वाड्याच्या भिंती चार हात रुंद आहेत. मला काय होतंय?"

म्हाळसाक्का गावात फिरली. वरची आळी म्हणाली, "उंदीर मेले ते खालच्या आळीत." खालची आळी म्हणाली, "ते म्हातारे होते." आणि दोन्ही आळ्या म्हणाल्या, "राजेसाहेब कुठं हललेत?"

ती सरळ राणीसाहेबांकडे गेली.

सकाळी वाड्यातून दोन गाड्या निघाल्या. पेंढ्यात बसवलेल्या लोणच्याच्या अकरा बरण्या. मुरत घातलेली बरणी जागची हलवायची नाही, हा घरोघरचा नेम. म्हाळसाक्काने गाड्या मुद्दाम बाजारातून नेल्या, त्याही हळू.

"अगं अक्के, बरण्या कुठं चालल्या?"

"माळावर."

"म्हणजे राजेसाहेब..."

"मला काय विचारता, बाई? मी हुकमाची ताबेदार."

विचारणारी घरात पळाली आणि स्वतःची बरणी कमरेवर घेऊन बाहेर आली. दुपारपर्यंत गावात कुत्रीही उरली नाहीत.

राजेसाहेब जेवायला बसले. ताटात लोणचं नाही. हाक मारली, तर ओ द्यायला कोणी नाही. तणतणत माळावर आले.

"माझ्या बरण्या कुणाच्या हुकमाने हलल्या?"

"माझ्या," झोपडीतून राणीसाहेब म्हणाल्या.

म्हाळसाक्का पुढे झाली. "सरकार, गाव दवंडी ऐकत नाही. वाड्याचं स्वयंपाकघर बघतं."

राजेसाहेबांनी भरलेला माळ पाहिला आणि पोट धरून हसले. "जिंकलीस. माग."

"गावात उंदीर पडायचे थांबेपर्यंत सरकारांनी इथंच राहायचं. तुम्ही परत फिरलात की घटकाभरात गाव तुमच्या मागं."

"अगं, स्वतःसाठी माग!"

"आमचा डफ राहिला, तेवढं पुरे. आणि मीही याच गावात राहते, सरकार."

राजेसाहेब पुन्हा हसले. अंगावरची शाल काढून तिच्या हातात दिली. मग दिल्या शब्दाला जागून, कमरेत वाकून, झोपडीत शिरले.