शेवटून दुसरा

“...आणि मी शेवटचो इलंय तर, बुवा?”

भिवाबुवा मठाच्या पडवीत केळीची पानं पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सगुण गावड्याचा खेळच जगावेगळा. पायांना लांब पट्ट्या बांधायच्या, हातात दोन काठ्या घ्यायच्या आणि बर्फावरून कोसच्या कोस पळत सुटायचं. आता ह्याच्या गावात बर्फ म्हणाल, तर मासळीच्या पेटीतला. म्हणून हा पट्ट्यांना चाकं लावून सड्याच्या उघड्या माळावरच्या डांबरी रस्त्यावर घाम गाळायचा आणि गावच्या म्हशी बिथरवायचा. तरीही भारताच्या चमूत त्याची निवड झाली, तीही दुसऱ्यांदा. उद्या स्पर्धेला निघायचं होतं.

आणि पठ्ठ्याला निघायचंच नव्हतं.

“गेल्या खेपेक शेवटसून दुसरो इलंय,” सगुण म्हणाला. “पोचलंय तेव्हा लोक खुर्च्यो उचलत होते. टाळी वाजवक कोण नाय... ता माका परत बघूचा नाय.”

“मगे?”

“अर्ध्यार सोडतलंय. पाय मुरगळलो म्हणान सांगतलंय. त्येका कोण हसाचो नाय.”

अर्ध्यावर सोडणाऱ्याला क्रमांकच नसतो. क्रमांक नाही, म्हणजे शेवटचाही नाही. कित्येक रात्री जागून त्याने ही पळवाट शोधली होती.

बुवांनी शेवटचं पान पुसलं.

“जेवून घे,” ते म्हणाले.

गुरुवारची पंगत बसली. सगळ्यांचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही, ही मठाची रीत. सगुण भराभर जेवला. आपल्यापायी कुणी खोळंबू नये, ही त्याची लहानपणापासूनची धास्ती. पान लख्ख करून तो मोकळा झाला, तोच बुवांनी त्याच्या पानावर भाताची मूद टाकली. ती कशीबशी संपवली, तर आणखी एक. वर डाळ.

“बस झाला, बुवा!”

बुवा ऐकू न आल्यासारखे पुढे गेले.

आजूबाजूची पानं रिकामी झाली. बोलणी थांबली. लोकांच्या बोटांवरचा भात सुकू लागला, आणि सगळी पंगत सगुणकडे बघत बसून राहिली. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळला.

“उठतंय मी, बुवा. लोक खोळंबले.”

“पान टाकून?”

अर्धवट उठलेला सगुण पुन्हा खाली बसला.

“सावकाश जेव रे झिला,” समोरच्या ओळीतून एक म्हातारी म्हणाली. “आमका खंय घाई आसा?”

तो जेवला. कुणी कुरकुरलं नाही. त्याने शेवटचं शीत उचललं, तेव्हा सगळी पंगत एकदम उठली. सगुणला भरून आलं, आणि भरून आलं याचा त्याला रागही आला.

हात धुताना तो बुवांना म्हणाला, “हंय लोक थांबतत, बुवा. थंय कोण थांबता?”

बुवा तांब्यातलं पाणी त्याच्या ओंजळीत घालत होते.

“शेवटसून दुसरो इलंस ना तू?”

“होय.”

“मगे शेवटचो कोण?”

“होतो एक... खंयच्या तरी बेटावरचो. आपल्यासारखोच, गरम मुलखातलो.”

“तो इलो, तेव्हा टाळी कोणी वाजवल्यान?”

सगुणचे हात जागच्या जागी थांबले.

त्या दिवशी पट्ट्या पिशवीत कोंबून, टोपी डोळ्यांवर ओढून तो थेट बसमध्ये जाऊन बसला होता. काचेतून त्याला दिसलं होतं. लांब बर्फावर कुणीतरी एकटाच, अजून येत होता. आणि सगुणने पडदा ओढून घेतला होता.

“...माका म्हायत नाय.”

“यंदा येतलो काय तो?”

“येतलो.”

“नाव काय त्याचा?”

सगुणच्या ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळून गेलं.

बुवांनी तांब्या खाली ठेवला.

“जा तर. विचारून ये.”