पान पडले तरी ऐकू येईल अशी जागा

एका जंगलात, तळ्याकाठच्या दाट गवतात, एक ससा आणि त्याची सशीण कितीतरी वर्षे सुखाने राहत होती. मुलांनो, ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला चरतात आणि दिवसा झोपतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. पण गेली दोन वर्षे या सशाला दिवसा झोप म्हणून लागत नव्हती. डोंगरापलीकडचा ओढा आटला होता आणि तिकडची सगळी मंडळी याच तळ्यावर राहायला आली होती. उंबरावर माकडे दिवसभर भांडत. मोर उगाचच ओरडत. टिटव्या तर कोण आले, कोण गेले, कोण नुसतेच उभे आहे, तेही साऱ्या जंगलाला मोठमोठ्याने सांगत.

"आता पुरे झालं," एके दिवशी ससा म्हणाला. "आपण इथून जाऊ. एखादी लहानशी, शांत जागा बघू."

"जाऊ या की," सशीण म्हणाली. "पण कुठे?"

हे मात्र सशाला सांगता येईना. जन्मात त्याने दुसरी जागा पाहिलीच नव्हती. म्हणून त्याने ज्याला त्याला विचारायला सुरुवात केली.

पहिला भेटला कावळा. तो म्हणाला, "आमचं बाभूळबन बघा. इतकं शांत की विचारू नका. परकं कोणी फिरकतसुद्धा नाही." ससा संध्याकाळी तिकडे गेला आणि पाहतो तर काय, एकेका बाभळीवर शंभर शंभर कावळे बसलेले आणि सगळे एकाच वेळी बोलत असलेले. "हे परके नाहीत, घरचेच आहेत," कावळा ओरडून म्हणाला, कारण ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी खंड्या भेटला. मासे पकडणारा तो निळा पक्षी सशाला मोठ्या आपुलकीने आपल्या कड्यापाशी घेऊन गेला. तिथे खरोखरच कोणी नव्हते. होता फक्त एक धबधबा, आणि तो असा कोसळत होता की सशाच्या पायांखालचा दगड थरथरत होता.

"हा आवाज?" सशाने विचारले.

"कसला आवाज?" खंड्याने विचारले.

मुंगसाने सांगितलेली जागाही सशाने पाहिली असती; पण "तिथे खाण्यापिण्याची चंगळ आहे, पावलापावलावर साप" हे ऐकून तो वाटेतूनच परत फिरला.

घरी येऊन तो डोके धरून बसला. कोणी खोटे बोलत होते म्हणावे, तर तसेही नव्हते. कावळ्याला बाभूळबन खरेच शांत वाटत होते. खंड्याला धबधबा खरेच ऐकू येत नव्हता. मग शांत म्हणजे नेमके काय? आणि विचारायचे तरी कोणाला?

"तुम्हांला हवंय तरी काय, ते एकदा सांगा बघू," सशीण म्हणाली.

"शांतता हवी."

"आणखी?"

सशाने मागच्या पायाने कान खाजवला. त्याला आणखी काही सुचेना. "चांगली शांतता," तो शेवटी म्हणाला.

चार दिवसांनी एक म्हातारे कासव तळ्यावर आले. डोंगराच्या कुशीतल्या एका खोऱ्यात त्याचे वास्तव्य होते आणि वर्षातून एकदा ते इकडे चक्कर मारून जाई. सशाने त्याला गाठले.

"कासवआजोबा, तुमच्या खोऱ्यात आवाज कितपत असतो?"

"पान पडलं तरी ऐकू येतं, बाळा."

"आणि शेजारीपाजारी?"

"कोणी नाही. मी आहे, एवढाच."

"गवत?"

"तुझ्या कानांच्या वर."

सशाला आनंदाने काही सुचेना. "तुम्हांला तिथे काही त्रास नाही ना?" त्याने शेवटचे विचारले.

"चाळीस वर्षं झाली," कासव म्हणाले, "मला तरी काही नाही."

ससा धावत घरी गेला आणि दुसऱ्याच दिवशी ती दोघे निघाली.

खोरे कासवाने सांगितले होते अगदी तसेच होते. हिरवेगार गवत वाऱ्यावर हलत होते. मधून एक झरा वाहत होता, तोही जपून वाहावा तसा. सशाने एका बोरीच्या झुडपाशेजारी गवत दाबून जागा केली, अंग टाकले आणि दिवसभर झोपला. दुसऱ्या दिवशीही झोपला. सशीण मात्र उघड्या डोळ्यांनी बसून होती.

"काय झालं तुला?" त्याने विचारले.

"अहो, इतकं कोवळं गवत आहे, मग ते खायला कोणीच कसं नाही? हरणं कुठे गेली? साधी चिमणीसुद्धा दिसत नाही."

"त्यांना ही जागा ठाऊक नसेल."

"कासवाला ठाऊक आहे, आपल्याला ठाऊक झाली, आणि हरणांना ठाऊक नाही?"

ससा कूस बदलून पडून राहिला. पण प्रश्न डोक्यात शिरला तो शिरलाच. तिसऱ्या दिवशी त्यालाही झोप लागेना. कान टवकारले की काहीच ऐकू येत नसे, आणि काहीच ऐकू येत नाही म्हणून तो आणखी कान टवकारी. आपलेच काळीज धडधडताना त्याला ऐकू येऊ लागले. हवी होती ती जागा मिळाली, मग हे असे का व्हावे? तळ्यावर आवाजाने झोप लागत नव्हती, इथे आवाज नाही म्हणून लागत नव्हती. आपल्यालाच काही झाले आहे की काय, असे त्याला वाटू लागले. आणि हे सशिणीला सांगायची लाजही वाटत होती.

पाचव्या दिवशी सकाळी ऊन नुकतेच खोऱ्यात उतरत होते. रात्रभर दव पडून सगळे गवत पांढरे झाले होते. ससा त्याकडे पाहत बसला होता, तेव्हा त्याला एक गोष्ट दिसली. त्या पांढऱ्या गवतातून एक हिरवी वाट गेली होती. रुंद, नागमोडी. त्या वाटेवरचे दव कोणीतरी झाडून टाकल्यासारखे नाहीसे झाले होते.

"ही वाट काल नव्हती," तो स्वतःशीच म्हणाला. ती झऱ्यापासून निघाली होती, एका दगडाला वळसा घालून पुढे आली होती आणि त्यांच्यापासून दहा उड्यांवर एकदम संपली होती. वाट अशी मध्येच कशी संपते? त्याला काही उमगेना. तो मान वाकडी करून पाहतच राहिला.

सशिणीने त्याच्या नजरेच्या दिशेने पाहिले मात्र, तिच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला.

"अहो, ती संपलेली नाही! तिथे कोणीतरी बसलंय! पळा!"

त्याच क्षणी वाटेच्या टोकाचे गवत फुटले आणि बिबट्याने झेप घेतली. सशाला फक्त एक पिवळा लोळ दिसला आणि कानातून कळ गेली. तो कसा वळला, कुठे पाय टाकले, त्याचे त्याला कळले नाही. सशीण बोरीच्या काटेरी जाळीत शिरली होती, तिच्यामागोमाग तोही शिरला. बिबट्याने जाळीत पंजा घातला, काटे बोचले तसा बाहेर काढला. दोनदा जाळीभोवती फिरला, गुरगुरला आणि मग, जणू काही झालेच नाही अशा पावलांनी, झऱ्याकडे निघून गेला. खोरे पुन्हा पहिल्यासारखे शांत झाले.

सशाचा डावा कान मधोमध फाटला होता. सशीण तो चाटत होती.

बऱ्याच वेळाने जवळचा एक दगड हलला. तो दगड नव्हता, कालच तळ्यावरून परतलेले कासव होते. त्याने हळूहळू डोके बाहेर काढले.

"आजोबा, इथे बिबट्या राहतो हे तुम्ही आम्हांला सांगितलं नाहीत!" ससा रडवेल्या आवाजात म्हणाला.

कासव खरोखर ओशाळले. "बाळा, तू विचारलंस आवाज किती, मी सांगितलं. शेजारी विचारलेस, तेही सांगितलं; त्याला मी शेजाऱ्यांत धरतच नाही. तो आला की मी डोकं आत घेतो, तो गेला की बाहेर काढतो. तुमच्या पाठीवर ढाल नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"आणि बाकीचे सगळे?"

"होते की. फार होते पूर्वी. काही त्याने खाल्ले, काही निघून गेले. तेव्हापासूनच तर इथे शांत आहे."

दुपारचे ऊन चढल्यावर, बिबट्या खोऱ्याच्या एका कड्याखाली सावलीत पेंगत असताना, ती दोघे खोऱ्याबाहेर पडली. तळ्याकडे जायचे की आणखी कुठे, हे सशाला ठरवता येईना. दोन वाटा फुटत तिथे तो नुसता उभा राही. शेवटी सशीणच पुढे झाली. चालता चालता एक खडकाळ माळ लागला. तरवडाची खुरटी झुडपे होती आणि त्यांच्या आडोशाने लावी, म्हणजे मातीच्या रंगाचे ते ठेंगणे पक्षी, पिलांना घेऊन दाणे टिपत होते.

"बाई," सशिणीने एका लावीला विचारले, "इथे तुम्हांला भीती कोणाची?"

लावीने मान वर केली. जागा कशी आहे असे पुष्कळांनी विचारले होते, पण हा प्रश्न तिला कोणी केला नव्हता. "घारीची आणि कोल्ह्याची," ती म्हणाली.

"मग ते आले की काय करता?"

"जिला आधी दिसेल ती ओरडते. मग सगळ्याच ओरडतो आणि लपतो. खोटं कशाला सांगू, दिवसातून चार वेळा तरी गलका होतोच. आणि ही पोरं आहेतच. गवतही फार नाही बरं का, पण पोट भरतं."

"म्हणजे ही जागा शांत आहे की नाही?" ससा मध्येच म्हणाला.

"ते मला नाही सांगता यायचं, भाऊ. तुमचं तुम्हीच बघा."

सशाने हताशपणे सशिणीकडे पाहिले. तिने मात्र एका तरवडाखाली पायांनी माती सारखी करायला घेतली होती. ससा तिच्याजवळ जाऊन बसला. पिले चिवचिवत इकडून तिकडे धावत होती. एक तर थेट त्याच्या पाठीवरून गेले.

"अगं, मला अजून काही कळत नाही," तो म्हणाला. "इथे पाणी लांब आहे, गवत खुरटं आहे, ही पोरं काही गप्प बसायची नाहीत. आपण राहायचं म्हणतेस तू, पण..."

उत्तर आले नाही, म्हणून त्याने वळून पाहिले. दोन्ही कान पाठीवर टाकून सशीण गाढ झोपली होती.

थोड्या वेळाने तोही तिच्या शेजारी आडवा झाला.

तात्पर्य : जो तो आपल्याला मानवलेल्या जागेचे गुण सांगतो, म्हणून आपल्याला काय लागते ते आधी आपण ओळखावे, आणि जागा शांत आहे एवढे ऐकून न भुलता ती कशामुळे शांत आहे हेही विचारावे.